नऊ दिवसांची बदली

“पेशंट किती किलोचं आहे?”

घरी पेशंट सांभाळायला बाई पुरवणाऱ्या नागपूरच्या ब्युरोवाल्याने फोनवर आधी हेच विचारलं. नाव, वय, आजार सगळं मागाहून. मी गडबडले. चार वर्षं झाली, दर दोन तासांनी ज्या माणसाला मी कुशीवर वळवते त्याचं वजन मला सांगता येईना. घरात तोलकाटा आहे, पण तो वेचलेला कापूस मोजायचा. आड्याला टांगतो आम्ही. त्याला सासू कशी टांगणार? मी अंदाजाने म्हटलं, “पन्नासेक असेल. कापसाच्या भरल्या गाठोड्याहून जड आहे.” तिकडे तो हसला. “पन्नासच्या वर गेलं तर रेट वेगळा पडते ताई. एकटी बाई उचलत नाही.”

ही डिसेंबर २०२४ ची गोष्ट. देवळी तालुक्यातलं आमचं गाव, पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तुरी. घरात मी, हे, आणि खाटेवर आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मुलगी वर्ध्याला शिकते, शनिवारी येते.

आईंना २०२० च्या दिवाळीनंतर लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात अकरा दिवस होतो. घरी आणलं तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता: “बाप्पा!” आमच्याकडे हा शब्द कशालाही चालतो. नवल वाटलं तरी बाप्पा, वैताग आला तरी बाप्पा. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की कधी कधी असं होतं, एखादाच शब्द राहतो आणि तोच सगळ्यासाठी तोंडात येतो. आईंच्या वाट्याला निदान कामाचा शब्द आला.

दिवस कसा जातो ते ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना सांगायला नको. पहाटे डायपर, अंग पुसणं, चहात भिजवलेली पोळी. पाणी सरळ दिलं तर ठसका लागतो, म्हणून चमच्याने, डोकं उंच करून. जेवण झालं की अर्धा तास तसंच टेकवून ठेवायचं. मग कूस, मग हातापायाचा व्यायाम, मग पुन्हा कूस. रात्री अकरा, एक, तीन, पाच. मोबाइलमधला गजर मी पहिल्या वर्षीच काढून टाकला, जाग आपोआप येते.

२०२४ च्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी बीपी पाहिला, गोळी सुरू केली आणि म्हणाल्या, “पंधरा दिवस वजन उचलू नका.” मी हो म्हटलं. घरी आले तर आईंना बदलायचं होतं.

त्या दिवसापासून डोक्यात बसलं की आपल्याला आठ-नऊ दिवस कुठेतरी जाऊन नुसतं झोपायचं आहे. आता गंमत अशी की, लग्नाला जायचं म्हटलं तर दोन दिवस सांभाळायला कोणीतरी मिळतं. मयतीला जायचं असेल तर विचारावंही लागत नाही. लेकीचं बाळंतपण असेल तर गाव उलट तुम्हालाच ढकलतं. पण “काही नाही, झोपायचं आहे” असं म्हणून पाहा. समोरचं माणूस तुमच्याकडे असं पाहतं, जसं काही तुम्ही सिनेमाला पैसे मागितले.

तशी एकदा रजा घेऊन झाली होती. २०२३ मध्ये चुलत भावाच्या मुलाच्या लग्नाला दोन रात्री गेले होते. हिंगणघाटहून नणंदबाई आल्या, आपल्याच आईला पाहायला. त्यांनी जीव लावून केलं, त्यात शंका नाही. गोडधोड खाऊ घातलं, केस विंचरले, पाहुण्यांना बसवलं. फक्त रात्री उठल्या नाहीत. “झोपली होती, कायले उठवू?” मी परतले तेव्हा माकडहाडावर नाण्याएवढा लाल डाग होता. अंगठा दाबला तरी पांढरा पडेना. आठ दिवसांत तिथं जखम झाली आणि भरायला अडीच महिने लागले. उपकेंद्रातल्या सिस्टर घरी येऊन ड्रेसिंग शिकवून गेल्या म्हणून निभावलं. वर पुढचं वर्षभर ऐकायला मिळालं की मी होते म्हणून तू लग्नात मिरवली. तेव्हाच ठरवलं, पुढची रजा पैसे मोजून घ्यायची. पैसे दिले की व्यवहार तिथंच संपतो, उपकाराचं तसं नसतं.

पण पैसे मोजायचे तरी कोणाला? आधी वाटलं, आईंनाच कुठेतरी ठेवता येतं का पाहू. तीन ठिकाणी फोन केले. दोन वृद्धाश्रमांत “चालतंफिरतं माणूस असलं तर आणा” असं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी खाटेवरचं माणूस घेत होते, पण महिन्याच्या आत नाही, वर अनामत. नऊ दिवसांसाठी महिन्याचे पैसे, आणि नेण्या-आणण्याची अँबुलन्स वेगळी. दीर नागपूरला राहतात, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

सरकारी बाजूनेही चाचपून पाहिलं, कारण बचत गटाची सचिव असल्याने तहसीलचे जिने मला पाठ आहेत. आईंचं सत्तर वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेलं आहे, पाच लाखांचं. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येतं, घरच्या खाटेला नाही. श्रावणबाळला वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, त्यात आम्ही बसत नाही. नॅशनल ट्रस्टच्या ‘समर्थ’ योजनेत थोड्या काळापुरता सांभाळ करण्याची सोय आहे, म्हणजे नेमकं मला हवं तेच. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता यांच्यासाठी; म्हातारपणच्या लकव्याला तिथं जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या माणसाकरता ‘सांभाळणाऱ्याचा भत्ता’ असे शब्द आहेत, ते मुलीने मोबाइलवर शोधून दाखवले. मी ते घेऊन टेबलावर गेले. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. “ताई, असा हेड आमच्याकडे नाही,” एवढंच म्हणाले. बिचाऱ्यांनी चहा मात्र पाजला.

मग ब्युरो. दरांचं सांगायचं तर २४ तासांच्या बाईचे दिवसाला ९००, नोंदणीचे २,००० (ते परत मिळत नाहीत), येण्याजाण्याचं भाडं आपलं, जेवण आपलं, आणि निदान दहा दिवस ठेवायची. दिरांना फोन केला. माझ्या मनाची सगळी तयारी झाली होती, की आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी पाच मिनिटांत ५,००० पाठवले. आईला दोन दिवस घेऊन जातो, असं त्या माणसाच्या तोंडून चार वर्षांत निघालं नव्हतं, पण पैसे मागितल्यावर हूं की चूं केलं नाही. मी पूर्वी यावर चिडले असते. आता वाटतं, ज्याला जे जमतं ते त्याच्याकडून घ्यावं.

नणंदबाईंना मात्र लागलं. “आम्ही मेलो का? भाड्याची बाई आणून राहिली माह्या मायसाठी!” यांचंही सुरुवातीला तेच. “लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “फवारणीला भाड्याचा माणूस आणता तेव्हा लोक काय म्हणतात?” हे गप्प बसले. पटलं म्हणून नाही, वावरात जायची वेळ झाली होती म्हणून.

ब्युरोने पाठवलेली पोरगी माझ्या मुलीच्याच वयाची निघाली. दुपारच्या बसने आली, पाठीवर सॅक. आमच्या गावात मोबाइलची रेंज फक्त मारुतीच्या पारावर लागते, संडास अंगणाच्या टोकाला, आणि डिसेंबर म्हणजे तुरी उभ्या, रानडुकरांसाठी हे रात्री जागलीला वावरात. म्हणजे घरात तीन बायकाच, त्यातली एक खाटेवर. संध्याकाळी लाइन गेली आणि मागच्या बाजूने कोल्हे ओरडायला लागले. रात्री एकला मी आईंना वळवायला उठले तर पोरगी भिंतीला टेकून रडत होती. सकाळी आठच्या बसला मी स्वतः तिला बसवून आले, डबा बांधून दिला. तिच्यावर राग नव्हता. ब्युरोवाल्यावर होता. तो म्हणाला, “बाई पाठवली होती, तुम्हाला ठेवता आली नाही.” २,००० गेले, ९०० एका दिवसाचे, ४०० भाडं. एकूण ३,३०० रुपये आणि माझी झोप होती तिथंच.

यातली चूक माझीही होती, आणि ती सगळ्यांच्या कामाची आहे म्हणून लिहिते. मी महिना चुकवला. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत आमच्याकडे बाई मिळत नाही, सगळ्या कापूस वेचायला. पावसाळ्यात निंदण. मे महिन्यात ऊन असं असतं की खाटेवरच्या माणसाच्या पाठीला घामोळ्या आणि लाइन जाऊन हवेची गादी बसलेली. उरतो फेब्रुवारी. कापूस घरी आलेला, तुरी काढून झालेल्या, जागल संपलेली, थंडी सरलेली. पेरणीची तारीख आपण पंचांग पाहून ठरवतो, आणि आपल्या अंगाला विसावा मात्र अंग पडल्यावर शोधतो.

गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी जानेवारीत मावशींची गाठ घालून दिली. मावशी म्हणजे वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या, पण वॉर्डात काम करणाऱ्या बाईला सगळेच मावशी म्हणतात. आठ किलोमीटरवरच्या गावच्या. बारा वर्षं मोठ्या दवाखान्यात आया होत्या, आता घरोघरी बाळंतिणींचं आणि म्हाताऱ्यांचं करतात.

त्या आल्या तेव्हा माझ्याशी बोलल्याच नाहीत. सरळ खाटेपाशी गेल्या, “कशा आहा आजी?” म्हणाल्या, टाचा पाहिल्या, कानामागे पाहिलं, पाठीखाली हात घालून माकडहाडाशी अंगठा दाबला. “इथं काय लावता?”

“खोबरेल. रोज चोळते.”

“चोळू नका. लाल झालेल्या जागी चोळलं की आतून फाटते. तिथला भार काढाचा फक्त.”

चार वर्षं मी मोठ्या मायेने चुकीचं करत होते.

मग त्यांनी घरातली एक जुनी चादर मागितली, चौपदरी केली आणि आईंच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी आडवी खाली सरकवली. चादरीची कड मुठीत गुंडाळली, गुडघा खाटेच्या लाकडाला टेकवला आणि ओढली. आई अलगद कुशीवर आल्या. मला वाटलं, या आता धापा टाकतील. त्या म्हणाल्या, “काऊन? वजन इचारलं होतं का कोणी? चादर उचलाची ताई, माणूस नाही.” खाटेवर वर सरकवायला मात्र दोघी लागतात, त्यासाठी सकाळ-संध्याकाळ शेजारची बाई ठरवा, असंही त्यांनीच सांगितलं.

मी आधार कार्डाची झेरॉक्स मागताना लाजले. त्यांनी ती बटव्यातून काढूनच ठेवली होती. “पोलीस पाटलाले माहं नाव सांगून ठेवजा,” म्हणाल्या. आणि मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. घरात बाप्ये किती? दारू कोण पिते? माही खाट कुठं? खोलीले आतून कडी आहे का? हे दारातच उभे होते. त्यांनी खाली पाहत “नाही पित जी” असं सांगितलं, जसं काही मुलगी पाहायला गेलो आहोत. आपण बाईची चौकशी करायची असते एवढंच मला माहीत होतं; बाईलाही आपली करायची असते, हे त्या दिवशी कळलं. खोलीला कडी नव्हती. दुसऱ्या दिवशी बसवली.

ठरलं ते असं. दिवसाला ७००. आईंचं सगळं त्या करतील, आईंचे कपडे धुतील. घरचा स्वयंपाक नाही. “पेशंटचं करीन, पेशंटच्या पोराचं नाही.” रात्री अकरा आणि एकची कूस यांनी बदलायची, तीन आणि पाचची मावशींनी, कारण २४ तासांची बाई म्हटली तरी तिला झोप लागतेच. अर्धे पैसे आधी, अर्धे शेवटच्या दिवशी. गजानन महाराजांच्या प्रगट दिनाच्या आधी त्यांना मोकळं करायचं, गावच्या महाप्रसादात पोळ्यांचं काम त्यांच्याकडे असतं. हे सगळं वहीच्या पानावर लिहून दोघींनी सही केली. आणि एक अट माझी: आधी दोन दिवस त्यांनी यायचं, मी घरात असताना, त्याचेही पूर्ण पैसे. ती दोन दिवसांची १,४०० ची तालीम मला सगळ्यात स्वस्त वाटते.

तालमीच्या आदल्या रात्री मी वही लिहायला बसले. औषधं, वेळा, डायपर कुठल्या पेटीत, कोणत्या बाजूला पाणी साचतं गालात, हे पटापट झालं. मग अडले. आईंना काय हवं आहे ते मला कसं कळतं, हे मला लिहिताच येईना. शेवटी असं लिहिलं:

“बाप्पा (तुटक, एकदा): कूस दुखते.
बाप्पाऽऽ (लांब, शेवटी आवाज खाली): ओलं झालं.
बाप्पा बाप्पा (पटकन, डोळे चुलीकडे): चहा. साखर कमी घालावी, त्यांना कळत नाही असं समजू नये.”

मावशींनी वही वाचली, वाचता येतं त्यांना, आणि म्हणाल्या, “पाहू.”

पैसे कुठून आले तेही सांगते. लाडक्या बहिणीचे जुलैपासून जानेवारीपर्यंतचे सात हप्ते, १०,५०० रुपये, मी खात्यातून हलवले नव्हते. हे एकदा म्हणाले होते, खताला घेऊ. मी म्हटलं, पिकाला खत घालण्याआधी माणसाला घालू.

१० फेब्रुवारीला सोमवारी निघाले. पुलगाव, आर्वी, आष्टी करत वरुड, एसटीचं अर्धं तिकीट. माझं माहेर वरुड तालुक्यात, संत्र्याच्या बागांतलं. आर्वी येईपर्यंत दोनदा यांना फोन झाला होता. आष्टीला मावशींना केला. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही फोन केला की मले हात पुसा लागते.” मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

माहेरी दारात पाय ठेवला तर वहिनीचा चेहरा उतरला. “काय झालं? भांडण झालं का?” बाई सणवार नसताना, कार्य नसताना, एकटी पिशवी घेऊन माहेरी आली म्हणजे दुसरं काय असणार! मी सांगितलं, काही नाही, झोपायला आली. विश्वास बसला नाही. संध्याकाळी भाऊ अंगणात मला हळूच म्हणाला, “काही असलं तर सांग, मी जावयाशी बोलतो.” दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोन काकू येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी वहिनीनेच परस्पर सांगून टाकलं की दवाखान्यासाठी आली आहे. ते सगळ्यांना पटलं. मीही राहू दिलं.

झोप पहिल्या रात्री आली नाही. म्हणजे आली, पण एक वाजता मी उठून अंधारात शेजारच्या खाटेवरच्या माझ्या आईच्या खांद्याखाली हात घातला होता. ती ओरडली, “अवं काय करून राहिली?” पाचपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. तिसऱ्या रात्री नऊला पडले ती सकाळी आठला उठले. वहिनीने दोनदा येऊन श्वास चालू आहे का पाहिलं म्हणे. त्यानंतर रोज तसंच. संत्र्यांच्या मृग बहाराची तोड चालू होती, दुपारी बागेत जायची, झाडाखाली बसायची, तोडणाऱ्यांची मोजणी ऐकत ऐकत तिथंही डोळा लागायचा. बाकी काही केलं नाही. कुठल्या देवालाही गेले नाही, त्याबद्दल आईने टोकलं.

१८ तारखेला संध्याकाळी परतले. आईंनी माझ्याकडे पाहिलं, “बाप्पा” म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. वहीत नसलेला बाप्पा होता, पण मला तो कळला. रुसल्या होत्या. रात्री जेवताना सोडला रुसवा.

मी सगळ्यात आधी पाठ पाहिली. स्वच्छ. जांघेत थोडं पुरळ होतं, डायपरचा कंपनीचा ब्रँड दुकानात संपला म्हणून दुसरा आणला होता, त्याने. डेटॉलची महिन्याची बाटली नऊ दिवसांत संपवली होती. यांनी रोज खिचडी खाल्ली होती आणि ती कोणालातरी सांगायला ते आतुर होते. सहाव्या दिवशी नणंदबाई न सांगता येऊन तपासणी करून गेल्या होत्या, चहा पिऊन, मावशींना तिखट काही न बोलता, म्हणजे त्यांच्याकडून ती पावतीच.

आणि मग कळलं की पाचव्या दिवशी डीपी जळली होती. दोन रात्री गावात लाइन नाही. हवेची गादी बसली. मावशींनी घरच्या कापसाची गादी खाली टाकली, टाचांखाली उशा लावल्या आणि रात्री दर तासाला कूस बदलली, यांनाही तसंच उठवलं. मला कोणी कळवलं नाही. मी चिडले, “फोन नाही करता आला?” हे म्हणाले, “मावशी नको म्हणाल्या.” मावशी भांडी आवरत होत्या. “तुम्ही इथं येऊन लाइन आणणार होत्या का?” असं विचारलं त्यांनी. मला अजूनही वाटतं सांगायला हवं होतं. पण आले असते, एवढं मात्र खरं. नुकत्याच लागलेल्या झोपेवर पाणी सोडून आले असते.

निघताना मावशींनी वही परत दिली. माझ्या तीन ओळींखाली त्यांच्या मोठ्या अक्षरात चौथी होती: “बाप्पा (हळू, संध्याकाळी, खिडकीकडे): ढोरं येतात ते पाहाचं असते.”

चार वर्षं मी रोज पाचच्या ठोक्याला ती खिडकी लावत आले, डासांसाठी. ढोरं साडेपाचला येतात. आईंनी आयुष्यभर त्या वेळी गोठ्याच्या दारात उभं राहून ती मोजून आत घेतलेली. आणि मला वाटायचं की संध्याकाळी त्यांना उगाच कुरकूर करायची सवय लागली आहे. दुसऱ्या दिवशी देवळीहून २८० रुपयांची जाळी आणून ठोकली. आता साडेपाचला खाट तिकडे तोंड करून असते.

हिशेब असा झाला: मावशींचे नऊ दिवसांचे ६,३००, तालमीचे १,४००, शेजारच्या बाईचे दोन वेळचे १५० प्रमाणे १,३५०, डायपर १,०५०, ऑटो ३००. एकूण १०,४००. आमचा कापूस त्या हंगामात घरून क्विंटलला ६,९०० ने गेला, हमीभाव ७,५२१ असताना. म्हणजे हा सगळा खर्च दीड क्विंटल कापसाचा. बुडालेले ३,३०० मी यात धरले नाहीत, ते दिरांच्या पैशांतून गेले. शेतीच्या वहीत हा खर्च कुठे टाकायचा, यावर आमचं दोघांचं थोडं झालं. हे म्हणाले, मजुरीत टाक. मी बियाणं, खत, फवारणी, वेचाई यांच्याखाली नवीन ओळ काढली आणि ‘बदली’ लिहिलं. २०२५ च्या खरिपाचा अंदाज मांडताना ती ओळ त्यांनी स्वतः लिहिली, आकडा मात्र रिकामा सोडला.

गटाच्या बैठकीत मी हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. एकीने तोंड वाकडं केलं, “आता सासूही भाड्याने सांभाळा.” ती बोलली तेव्हा दोघीजणी खाली मान घालून बसल्या होत्या. एकीचा मुलगा अठरा वर्षांपासून खाटेवर आहे, दुसरीचा नवरा. बैठक झाल्यावर दोघींनी वेगवेगळं गाठून मावशींचा नंबर घेतला.

त्याचा परिणाम असा की २०२५ च्या दिवाळीनंतर मी मावशींना फोन केला, तर फेब्रुवारीचे पहिले आठ दिवस गेलेले. त्यातल्याच एकीकडे. प्रगट दिनाच्या दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या आहेत, पण आता दिवसाला ८००.

“कापसाचा भाव वाढला नाही अन् तुमचा कसा वाढला?” मी विचारलं.

“कापूस रात्री तीनले उठत नाही ताई.”

८०० वर ठरलं. ५०० रुपये इसार फोनवरच पाठवला आणि यांच्या रिकाम्या ओळीत आकडा भरला. वहिनीला अजून कळवलं नाही. या वेळी गल्लीला काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल.